आमची टकमकबाई भूत झाली

४ मे
काय दिवस! टकमकबाईला सिनेमात काम मिळालं!

शाळेला सुट्टी, म्हणून लेकीला घेऊनच शूटिंगला गेले होते. कपडेपटात बसून भूत झालेल्या मुलीचा पांढरा फ्रॉक उसवत होते. जी मुलगी ते काम करणार होती, तिनं दिवे लागताच भोकाड पसरलं. आईला चिकटली ती सुटेचना. दिग्दर्शक डोकं धरून आमच्या खोलीत आला, कुरकुरायला लागला — आणि मध्येच थांबला. कोपऱ्यात आमची कन्या. आठ वर्षांची. त्याच्या तोंडाकडे बघतेय, पापणी हलेना.

"ही कोण?"

"माझीच. अगं, बघू नकोस अशी!" मला मेलं कसंनुसं झालं.

"बघू दे हो! अंगावर काटा आला माझ्या!"

झालं. फ्रॉक आता आपल्याच पोरीच्या मापाचा करायचा.

५ मे
तिचे बाबा म्हणाले, "घरात एक भूत होतंच, आता दोन." पहिलं कोण, ते मी विचारलं नाही.

११ मे
उगाच धास्तावले होते पोर घाबरेल म्हणून. छे! मेकअपवाल्या मावशींनी डोळ्यांखाली काळं फासलं, ओठ पांढरे केले. आरशात बघून म्हणते, "दात पण काळे करा ना!" मग त्याच अवतारात बोळात उभी राहून बिस्किटं खात होती. कॅमेरावाले दादा वळणावर आले ते थेट भिंतीलाच टेकले.

अशा सिनेमांतली पोरं भयानक का वाटतात? मला वाटतं, बोलावलं तर येत नाहीत, विचारलं तर सांगत नाहीत, नुसती बघतात. तेवढं पुरतं.

१६ मे
आजचा प्रसंग — भूत पाठमोरं उभं. नायिका मागून हाका मारते, भुतानं वळायचं नाही. एवढंच. पण हाक मारली की कुठलं मूल वळत नाही? आमची वळली नाही! दगड! मध्येच कुणीतरी शिंकलं, सगळे फिसकन हसले — ही आपली तशीच उभी.

"काय एकाग्रता आहे!" दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाला.

अंगावर मूठभर मांस चढलं. शाळेतल्या बाई म्हणतात हिचं लक्ष नसतं. या म्हणावं आता बघायला!

२० मे
हिचं काम संपलं. फ्रॉक घरी न्यायचाय म्हणून रुसली.

६ ऑक्टोबर
आज आवाज भरायला गेलो होतो. भुताची चार वाक्यं. हिचा 'स' थोडा 'श'कडे झुकतो, तेच दिग्दर्शकाला आवडतं.

ध्वनिमुद्रक काकांनी काचेपलीकडून सूचना दिली. ही ढिम्म. मग ते आत आले, हिच्या मागे उभे राहिले. नाव घेतलं. पुन्हा घेतलं. किल्ल्या वाजवल्या. मग पुढे येऊन बोलले, तर लगेच — "काय काका?"

मला बाहेर घेऊन गेले. "ताई, रागावू नका. हिला नीट ऐकू येतं ना?"

मी हसलेच. "अहो, मनात असलं की सगळं ऐकू येतं!"

ते हसले नाहीत. "ती डोळ्यांत बघत नाही हो. ओठ बघते."

घरी ती दाराकडे पाठ करून चित्र काढत बसली होती. मी उंबऱ्यातून हळूच हाक मारली. मग जरा मोठ्यानं. पुढचं लिहवत नाही.

१४ ऑक्टोबर
तपासणी झाली. जन्मापासूनच कमी ऐकू येत असणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हुशार आहे. अर्धं ऐकते, बाकीचं तुमच्या तोंडावरून जुळवते. तुम्हाला पत्ता लागणार कसा?" कानामागे यंत्रं लावायची. फरक पडेल म्हणाल्या, चांगलाच पडेल.

तिचे बाबा यंत्राचा नमुना उलटसुलट करत होते. एकदम विचारलं, "कुठकुठल्या रंगांत मिळतात?"

हिनं लाल निवडली. घरी येताना मला भीती कमी आणि हायसंच जास्त वाटत होतं. खरंच.

३० ऑक्टोबर
सिनेमा लागला! परदेशातल्या भुतांच्या सणाचं बघून हल्ली आपल्याकडेही या दिवसांत भुतांचे सिनेमे बघायची टूम आहे, त्यामुळे थिएटर तुडुंब. पडद्यावर हिनं नुसती मान वळवली आणि अख्खं थिएटर किंचाळलं. मागच्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसानं बायकोचा हात धरला!

ही मात्र खुर्चीत उलटी बसून लोकांचे चेहरे बघत होती. खूश! मी तिला सरळ बस म्हटलं नाही.

२ नोव्हेंबर
यंत्रं बसवली. घरी तिच्या मागून स्वयंपाकघराकडे चालले होते, तर ही गर्रकन वळली.

"आई, हे काय वाजलं?"

"काही नाही गं, माझ्या चपला."

बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तू येतेस ते न बघताच कळतं?"