ती मी नाही, असं मी म्हणाले

माँमार्त्र, पॅरिस
४ मार्च १८९४

ती. ओनोरीनताईस झेलीचा सा. नमस्कार. वि. वि.

मोहरीची बरणी पोचली. पण सध्या तोंडाला चवच नाही. आंसेल्म चित्रकाराबद्दल तुला लिहिलंच होतं. कॅबरेतला माझा जो नाच बघायला लोक येतात, तो आम्ही दोघांनी मिळून बसवलेला. पाय हवेत अडकल्यासारखा थांबव, हे त्याचं. झग्याला आतून काळं अस्तर, हे माझं. त्यावरून त्यानं जाहिरातीचं चित्र केलं.

या खेपेला मात्र त्यानं मला नाचताना काढलंच नाही. नाच संपलाय, बाकावर बसून मी धापा टाकतेय, तोंड उघडं. बत्तीस वर्षांची बाई पन्नाशीची दिसते. ते चित्र प्रदर्शनात लागलं, तिथे एका बड्या गृहस्थानं हसत विचारलं, ही तूच ना? आंसेल्म शेजारीच उभा होता. मी म्हणाले, “ती मी नाही. आणि या माणसाला मी ओळखत नाही.”

आंसेल्मनं टोपी उचलली आणि तो गेला. तीन आठवडे झाले, त्याच्या गल्लीकडे पाऊल वळत नाही.

लोभ आहेच, हे वाचूनही तो राहू दे.

तुझी झेली

ओसेर
११ मार्च

चि. झेलीस ताईचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र चुलीपाशी उभ्यानंच वाचलं, दूध उतू गेलं. लहानपणी भांडं फोडलंस की परसात जाऊन लपायचीस. खोड गेली नाही. पण तुला मी कुठल्या तोंडानं बोलू? माझी बहीण पॅरिसला टोप्या शिवते, असं मी गावभर सांगून ठेवलंय. नाताळात पाद्रीबाबांनी ती जाहिरात दाखवून विचारलं, ही आपली झेली ना? मी म्हटलं, “छे, आमच्यात असं कोणी नाही.”

माफीचं पत्रबित्र धाडू नकोस. ज्या पायांवर पोट भरतेस, त्याच पायांनी त्याच्या दारी जा.

जपून राहा, आणि जमलं तर मलाही माफ कर.

ताई

माँमार्त्र
२९ मार्च

ती. ताईस सा. न.

गेले. त्यानं आत घेतलं, कॉफी दिली. तेच जास्त लागलं. चित्रातला चेहरा त्यानं सुरीनं खरवडून टाकला होता. म्हणाला, “ती तू नव्हतीस ना? मग चेहरा कोणाचा ठेवू?”

पुन्हा काढ म्हणून मी हातापाया पडले. दुपारभर मला समोर बसवून त्यानं पाहिलं, शेवटी ब्रश पुसला. आता तू बरी दिसायची धडपड करतेस, म्हणाला. ते खरंच होतं गं.

चित्र त्यानं तसंच, बिनचेहऱ्याचं, प्रदर्शनात परत टांगलंय. मी रोज दुपारी त्या चित्राशेजारी जाऊन उभी राहते. ही कोण, असं कोणी विचारलं की माझं नाव सांगते. आडनावासकट, ताई, तुला न विचारता. लोक हसतात, कान तापतात, पण जागची हलत नाही. आंसेल्म लांबून बघतो. काल त्यानं एक खुर्ची आणून माझ्यामागे ठेवली आणि निघून गेला.

मी बसले नाही. त्याची खुर्ची घ्यायला तोंड अजून नाही मला.

आडनावापायी रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

झेली