दगड झालेली मुलगी आणि न पोचलेली कॅसेट

प्रिय वसंता,

आखातातल्या सोनापूरच्या या कामगारांच्या खोलीत दर शुक्रवारी जमणाऱ्या आपल्या सगळ्यांची एकच तक्रार आहे: तू हे जग सोडून गेलास आणि तुझी गोष्टही घेऊन गेलास. त्यांच्यासमोर वाचायलाच हे पत्र लिहितोय. गोष्ट तू नेलेली नाहीस. ती माझ्याकडे आहे.

तू वेल्डर. कंपनीने तुला सहा महिने कॅनडाच्या उत्तरेला धाडलं, तिथे एका इन्युइट आदिवासी म्हाताऱ्याने तुला ती सांगितली. पाण्याकाठी बाईसारखा एक दगड उभा आहे. ती म्हणे लग्नाला नकार देणारी मुलगी. रुसून तिथे उभी राहिली आणि पायांपासून दगड होत गेली. गुडघे गेले, कंबर गेली, तेव्हा होडीतून जाणाऱ्या एकेकाला हाका मारू लागली. कुणी थांबलं नाही. आता मात्र तिथून जाणारा तिच्यापाशी काहीतरी ठेवूनच पुढे जातो.

एवढीच गोष्ट. मी कपाटभर पुस्तकं वाचली, तुमच्या हक्कांसाठी घसा फोडला. माणसं घड्याळ बघायची. तू त्या मुलीच्या हाका मारायला लागलास की सगळ्यांचा चहा निवायचा. किती जळायचो मी, तुला कधी कळलं का?

तू गेल्यावर यांनी मला ती सांगायला लावली. मी तिच्यातून स्त्रीमुक्ती काढली. गोपाळ म्हणाला, "भाऊ, तुमच्या गोष्टीत ता चेडू बोलताच खंय? सगळा तुमीच बोलतास." खरंच, ती मुलगी माझ्या तोंडून एकदाही बोलली नव्हती.

गोपाळला ठाऊक नाही ते आज सांगतो. मी गणपतीला घरी निघालो तेव्हा तू लेकीसाठी ती गोष्ट कॅसेटवर भरून माझ्याकडे दिलीस. मी ती आधी घरी लावली. माझ्या प्रत्येक वाक्याला "ओके पप्पा" म्हणून उठून जाणारी माझी मुलगी शेजारी येऊन बसली. संपल्यावर म्हणाली, "अगेन."

कॅसेट मी माझ्या बॅगेच्या तळाशी टाकली आणि कुडाळला तुझ्या घरी रिकाम्या हाताने गेलो.

इथे परतल्यावर तू लेकीबद्दल विचारलंस, "चेडवान आयकल्यान मां?" मी म्हटलं, "हो, खूप आवडली." किती खूश झालास तू! आठवड्याभरात गेलास.

माफी कोणत्या तोंडाने मागू? वचन देतो: तुझ्या गोष्टीवर यापुढे माझं भाषण चढणार नाही. कॅसेट खिशात आणली आहे. मंडळी, ती मी स्वतः पोचवीन असं म्हणालो तर विश्वास ठेवू नका. गोपाळ, तू मंगळवारी कुडाळला निघतोयस. मी हा कागद खाली ठेवायच्या आत ती माझ्या खिशातून काढून घे.

तुझ्यावर जळणारा,
दिनकर