चंद्रकोरीचा दगड

५ डिसेंबर १९७१, रविवार
दिवेलागण झाली, म्हणजे दिवे न लावण्याची वेळ झाली. खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवून झाले. हे अजून आलेले नाहीत. सकाळी सायकल काढली, कॅरिअरला कागदाची गुंडाळी आणि काजळीचा डबा. रिछाईच्या पलीकडे जंगलात सतीचा दगड आहे म्हणे, त्याचा कागदावर ठसा घ्यायचाय. म्हटलं, लढाई सुरू झालीय, दगड काही पळून जात नाही. तर म्हणाले, "तिकडे आमच्या लष्करी फॅक्टरीचं नवं कुंपण पडणार आहे असं ऐकतो. मग कोण जाऊ देतंय?"
दर रविवारी हेच. कुठे गढीचा चौथरा, कुठे पडकी बावडी, कुठे वीरांचे दगड. आठवडाभर फॅक्टरीत ड्रॉइंगं काढायची आणि रविवारी जंगलात जाऊन पुन्हा ड्रॉइंगंच.
भात पातेल्यात तसाच.

६ डि., सोमवार
हे ठाण्यात आहेत. हद्दीच्या आत सापडले. फॅक्टरीच्या पहारेकऱ्यांनी धरलं.
ठाण्याचे साहेब तरुण, बोलायला नीट. टेबलावर ठसा पसरला. वर सूर्य, बाजूला चंद्रकोर, खाली बांगड्या भरलेला हात. बोट चंद्रकोरीवर. "माताजी, ये चांद किस देश का है?"
मी म्हटलं, "सतीच्या प्रत्येक दगडावर चंद्रसूर्य असतात. जोपर्यंत ते आहेत तोपर्यंत तिचं नाव, असा त्याचा अर्थ. आप इतने पढ़े-लिखे हैं."
"तो पत्थर दिखा दीजिए. दिखा दीजिए, उसी दिन घर ले जाइए."
ड्राफ्ट्समन आहेत हेच वाईट झालं. साधा कारकून असता तर वेडा म्हणून सोडला असता.
भेटू दिलं नाही.

८ डि., बुधवार
साहेबांच्या जीपमधून गेले. सागाचं जंगल, पानं झडलेली, लांबवर दिसतं. हद्दीचे नवे दगड पाहिले आणि तिथेच उलगडा झाला. जवळच्या टोल्यातल्या, म्हणजे आदिवासी पाड्यातल्या बायांनी एकूण एक दगडाला शेंदूर फासलाय, कुठे नारळ, कुठे चिंधी. सरकारने पुरलेला दगड आहे हे त्यांना कोण सांगणार? आणि यांना तरी कसं कळावं? शेंदूर दिसला की हे पुढेच जाणार. साहेबही हसले. म्हणाले, ही गोष्ट मानतो.
मग यांनी ठाण्यात सांगितलेल्या मोहाच्या झाडाखाली गेलो. तिथे सतीचा दगड नाही. ताजी माती, वर पालापाचोळा ओढलेला. टोल्यात विचारलं, बाया दारं लावून आत गेल्या. एक म्हातारा म्हणाला, "कैसा पत्थर, हुजूर?"
दगड पळून जात नाही, असं मीच म्हटलं होतं. पळाला.
परतताना साहेबांनी मला जीपमध्ये मागे बसवलं.

९ डि., गुरुवार
अधारतालच्या दुकानात दोघी बायका मला पाहून बोलायच्या थांबल्या. मी जिरं घेतलं, वजन काटेकोर पाहून घेतलं, आले.
संध्याकाळी शेजारच्या वानखेडे वहिनी मागच्या दाराने. पुढच्या दाराने यायची सोय राहिलेली नाही. "काहून एकट्या जाऊन राहिल्या हो जंगलात? आमचे हे म्हणतात, त्या घरी जास्त जाऊ नको." म्हटलं, मग आलात कशाला? रडायला लागल्या. भाकऱ्या आणल्या होत्या. मला बोलायला नको होतं. भाकऱ्या ठेवून घेतल्या.

११ डि., शनिवार
टोल्यावर एकटी गेले. बस, मग पायी. जीप नाही, पोलीस नाही, तर बाया बोलल्या. गुडघे धरून अंगणात बसले तेव्हा फुलिया नावाच्या बाईने पाणी दिलं. तिचा मुलगा सुखलाल फौजेत, ट्रक चालवतो.
मी म्हटलं, "वो पत्थर..."
"पथरा नइयां बाई. माई आंय."
दगड नाही, देवी आहे ती. बॉम्ब पडणार, लाल दिसेल ते झाका, असं कुणीतरी सांगून गेलं. मग माईला उघड्यावर कसं ठेवायचं? चौघींनी उचलून आणली. सुखलाल येईपर्यंत ती फुलियाच्या घरी राहणार, असा नवस.
धान्याच्या मातीच्या कोठीत, वर कोदो पसरलेला. तिने हाताने बाजूला सारलं. चंद्रकोर दिसली. मी खाली बसले.
सगळं सांगितलं. माझा नवरा, ठाणं, ठसा. तिने ऐकलं. मग म्हणाली, "पुलिस देखेगी, तो ले जाएगी न?"
खोटं कसं बोलू? म्हटलं, हो.
तिने माझा हात धरला आणि दगडावर ठेवला. कुणाला सांगणार नाही, असं वदवून घेतलं. देवधर्माशी माझा काही संबंध नाही, कधीच नव्हता. पण हात माझाच होता.

१३ डि., सोमवार
पाच मिनिटं भेट. दाढी वाढलेली. यांनी आधी काय विचारावं?
"दगड मोडला नाही ना?"
"तुमचं डोकं मोडलंय."
शिपायाला मराठी येत नाही, म्हणून भराभर सगळं सांगितलं. कोठी, नवस, माझा हात. मग, "शब्द दिलास ना तू." एवढंच. सांग म्हणाले नाहीत, सांगू नको म्हणाले नाहीत. नेहमीचं, निर्णय माझ्यावर.
बाहेर साहेबांना विचारलं, दगड जागेवरच पाहिला तर? "देखना काफी नहीं. सबूत जमा होगा."

१६ डि., गुरुवार
लढाई संपली. रेडिओ, फटाके, कॉलनीत पेढे. वानखेडे वहिनी पुढच्या दाराने आल्या. खिडकीचे कागद फाडले, नखं दुखली.
आता सोडतील. माईही परत जाईल.

१७ डि., शुक्रवार
टोल्यावर. फुलियाला म्हटलं, लड़ाई बंद. आता माईला झाडाखाली ठेवा, मी साहेबांना तिथे आणते, हात जोडते, नेऊ नका म्हणते.
"बंद कहां भई? सुखलाल कहां आओ?"
सुखलाल आलेला नाही, मग लढाई कसली संपली, असं तिचं म्हणणं. रेडिओवर सांगितलं, म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू रेडिओ म्हणजेच परत आलेला मुलगा असं मी म्हणतेय.
मुलाची चिठ्ठी नाही, निरोप नाही. कोदो निवडत होती. मीही सुपात हात घातला. दोघी निवडत बसलो. मागायला काही उरलं नव्हतं.

२० डि., सोमवार
ठाण्याच्या बाकावर लिहिते आहे.
साहेब म्हणाले, परवा यांना इथून हलवणार, वरची चौकशी, कुठे ते सांगता येत नाही. आवाज हळू केला. "माताजी, आप कुछ जानती हैं. आपके चेहरे पर लिखा है."
म्हटलं, थोडे दिन दीजिए.
"मेरे हाथ में नहीं."
विचार करा म्हणाले आणि जेवायला गेले. आत यांना खोकला झालाय, इथवर ऐकू येतो. मी दोनदा उठले, दोनदा बसले. टोल्याची बस समोरच उभी आहे, कंडक्टर ओरडतोय. फुलियाला एकदा आणून हा खोकला ऐकवावा का? की तिने मला सुखलालचं रिकामं अंगण पुन्हा दाखवायचं?
साहेबांची जीप परत आली, आणि माझं काही ठरलेलं नाही.