आरतीचा शंख

शनिवार, गणपतीचा तिसरा दिवस
राइट टाउन

शेवटी आज आरतीचा शंख मी वाजवला. मग आनंद काहून नाही होऊन राहिला?

आमच्या घरी ज्याचा दम जास्त, शंख त्याचा. लहानपणापासून तो माझ्या चुलतबहिणीचा, रेवाचाच. जास्त मार्क तिला, सदरमधल्या फॅशनवाल्या मैत्रिणी तिला, वर आता तो आंब्याच्या वासाचा वेपही तिच्याकडेच. "सिगरेट थोडीच आहे, पगली," म्हणाली होती. मला ओढू दिला नाही, याचाही मला राग आला होता. किती मूर्ख मी!

आज शंख वाजवताना तिचा दम मधेच तुटला. खोकत खालीच बसली. "ठसका लागला जी," म्हणाली. काकांनी शंख माझ्या हातात दिला. "चलो, आता तू." तोंडाला लावला तर तोच आंब्याचा वास. तरी वाजवला, चांगला लांब. सगळे वा वा म्हणाले, रेवासुद्धा. जळली असेल का? जळू दे, असंच वाटलं मला.

नंतर गच्चीवर जाताना जिन्यात मागे वळून पाहिलं. नेहमी धावत वर जाणारी रेवा कठडा धरून उभी होती. "तू हो पुढं," म्हणाली.

इतकी वर्षं हेच तर ऐकायचं होतं मला.