फलकावरच्या दोन ओळी

लाडक्या मर्टल,
डार्विनहून क्लॅरीदादाचे आशीर्वाद. लेकीकडे मी मजेत आहे, गुडघाही फारसा कुरकुरत नाही. तुझे डोळे कसे आहेत?

आपला फुटबॉल क्लब दर शनिवारी हरतोय आणि तरी सभासद वाढतायत, हे वाचून आनंद झाला. खरंच झाला. आपण दोघं मैदानाच्या रिकाम्या कठड्याशी पावसात कुडकुडत उभे असायचो, तेव्हा ही मंडळी कुठे होती, एवढंच मनात आलं.

खेळाडू जो भलामोठा कागदी फलक फाडून मैदानात येतात, त्यावरच्या दोन ओळी आता ब्रॉनविन नावाची कुणी नवी बाई लिहिते म्हणे. शाळेत पाठ केलेल्या कवितांच्या जिवावर इतकी वर्षं ते काम मी केलं. आणि तू लिहितेस, "दादा, तिच्या ओळींना लोक टाळ्या वाजवतात. तुझ्या ओळी वाचून होईपर्यंत पोरं फलक फाडून पार झालेली असायची." हे कळवायलाच हवं होतं का गं?

शनिवारी तिच्या ओळी मला फोनवर वाचून दाखव. सावकाश वाच. वाईट असतील तर दोनदा वाच.

तुम्हा सगळ्यांच्या आठवणीत,
क्लॅरीदादा