शेपटीचं कुंकू

जाफराबाद,
२८ जुलै २०२५

चि. भावनास,
बद्रीनाथकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद. फोनच केला असता, पण तुझी काकू स्पीकर लावते आणि मंग सगळी गल्ली मध्येच बोलते.

काम नाजूक आहे. पोळ्याला आपली बैलजोडी तोरणाखालून पहिली जाते, कारण आपले खापरपणजोबा साहेबराव इंग्रज सरकारच्या शिडाच्या जहाजावर कप्तान होते. बैलांच्या झुलीवर आपण जहाज काढतो ते त्यामुळेच. यंदा शेजारच्या धर्मराजनं पारावर विचारलं की, पोहायला विहिरीशिवाय काही न्हाई त्या गावचा माणूस कप्तान झालाच कसा? वर म्हणे, शिंगं सोडून शेपटीला आधी कुंकू लावणाऱ्या घराला मान कशाचा? शेपटीचं खरं आहे, पण आपण तसं का करतो ते मलाही ठाऊक नाही. गावानं आता पुरावा मागितलाय. मान गेला तर पारावर कुठल्या तोंडानं बसू?

तू मुंबईच्या संग्रहालयात आहेस. 'लेडी हॅरिएट' जहाजाचा इतिहास काढ. जल्दी कर.

तुझ्याच भरवशावर असलेला,
बद्रीनाथकाका

ता. क. कप्तानाची टोपी कसली होती तेही कळव.

मुंबई,
९ ऑगस्ट २०२५

ती. बद्रीनाथकाकांस,
भावनाचा शि. सा. न. वि. वि.

आधी बसून घ्या. काकूंना पाणी आणायला सांगा.

'लेडी हॅरिएट' सरकारी होतं, हे खरं. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं. त्यानं टपाल नेलं, चाच्यांचा पाठलाग केला (एकही सापडला नाही), एका गव्हर्नरचा पियानो नेला आणि भिजवला. म्हातारपणी त्यात पलटणीच्या तोफा ओढणारे बैल भरले. साहेबराव त्या बैलांचे गडी होते. कप्तान बिलकुल नव्हते, त्यामुळे टोपीही नव्हती. बंदर सुटल्यापासून ते नुसते ओकत होते, असं खुद्द कप्तान पुढे लोकांना हसून सांगायचा.

काठेवाडजवळ जहाज खडकावर फुटलं. खलाशी होड्यांत बसले, गड्यांना जागा उरली नाही. साहेबरावांना पोहता येत नव्हतं. तरी त्यांनी आधी सगळ्या बैलांची दावी सोडली, आणि शेवटच्या बैलाची शेपटी धरून किनाऱ्याला लागले. जहाजाचा इतिहास इथे संपला. आपल्या घरची शेपटीची पूजा इथूनच सुरू झाली असावी.

गावाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला कप्तानापेक्षा हे आजोबा फार आवडले.

रागावू नका, माया कमी करू नका.
आपली,
भावना

जाफराबाद,
२५ ऑगस्ट २०२५

चि. भावनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अन्न गोड लागेना. गप्प बसावं असंही मनात आलं. पण पोळ्याच्या सकाळी बैल धुताना शेपटी हातात आली आणि माझं मलाच रडू फुटलं.

वेशीत सगळं सांगितलं. ओकण्यापाशी लोक पोट धरून हसले, धर्मराज सगळ्यात मोठ्यानं. मी म्हटलं, मान सोडला, आता तूच पुढं हो. त्यानं ऐटीत जोडी तोरणाखाली आणली, थांबवली आणि माझ्याकडे कुंकू मागितलं. म्हणाला, ती शेपटी हातातून सुटली असती तर मी भांडायला माणूस कुठून आणला असता?

कुंकू त्यानं शेपटीला लावलं. बैलाला सवय नव्हती, त्यानं लाथ घातली. धर्मराज अजून लंगडतोय आणि ज्याला त्याला सांगतोय की जहाजावर जखमी झालो. मंग गावातल्या सगळ्याच शेपट्या लाल झाल्या. मी सगळ्यांच्या शेवटी तोरणाखालून गेलो, आपल्या बैलाची शेपटी धरून.

लोभ असाच घट्ट धरून ठेव, सोडू नको.

तुझा,
बद्रीनाथकाका