सासूबाईंचं पुरणयंत्र आणि गोंड शिपाई

विजय नगर, जबलपूर
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

प्रिय रत्नाकरराव,

थोरल्या साडूचा तुम्हाला मनापासून नमस्कार आणि शैलजाला आशीर्वाद (आशीर्वाद मनातल्या मनात पोचवा, हे पत्र तिला दाखवू नका). तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट आवाज येतो म्हणाला होतात. तो तेल मागतो आहे. फॅक्टरीत अख्खी हयात गिअरबॉक्सच्या सहवासात काढलेल्या माणसाचं हे मत आहे, डॉक्टरला विचारायची गरज नाही. इकडे सगळे मजेत आहेत. म्हणजे ज्यांना काही माहीत नाही ते मजेत आहेत, आणि मला माहीत आहे. फोन केला असता, पण विभावरीचा कान आणि माझा फोन एकाच खोलीत राहतात. मोबाईलवर लिहिलं असतं, पण तुमचा मोबाईल शैलजा तुमच्याआधी वाचते. म्हणून हे पाकीट तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर.

तर रत्नाकरराव, सासूबाईंचं पुरणयंत्र माझ्या हातून गेलं. हरवलं नाही, चोरीला गेलं नाही, मोडलंही नाही. ते एका शिपायाच्या डोक्यावर आहे. आणि होळी तोंडावर आली आहे. नीट सांगतो, आधी बसून घ्या.

आमची नात रेवा चौथीत, अ तुकडीत आहे. तिच्या शाळेतल्या ज्योती दीदींनी (इथे बाईंना दीदी म्हणतात, वयाचा संबंध नाही) मुलांना पुरातत्त्व शिकवायचं ठरवलं. योजना अशी, की अ तुकडीनं घरच्या जुन्या वस्तू आणून शाळेमागच्या मैदानात गाडायच्या. ब तुकडीनं सुतळीचे चौकोन आखून, खुरपी आणि ब्रश घेऊन त्या खणून काढायच्या, ही वस्तू कशाची असेल ते पुराव्यानिशी ठरवायचं आणि मग पुठ्ठा, बॅटरी आणि मोटर लावून तिचा चालताबोलता रोबो करून प्रदर्शनातल्या स्पर्धेत मांडायचा. मी मार्गदर्शक म्हणून होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी रेवाला सोडायला गेलो आणि तिथेच थांबलो. थांबलो ते थांबलो, वर एक नियमही करून दिला: ज्यानं वस्तू दिली त्यानं शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही, उघडलं तर ब तुकडी स्पर्धेतून बाद. दीदींना हा नियम इतका आवडला की त्यांनी सगळ्या मुलांसमोर, हात पुढे करून, पहिली शपथ मलाच घ्यायला लावली.

आता वस्तूंचं बघा. कोणी कंदील आणला, कोणी ताक घुसळायची रई आणली, कोणी डायल फिरवायचा टेलिफोन. या वस्तू ब तुकडीची पोरं वरून माती झटकायच्या आत ओळखणार. मला वाटलं, आपल्या घरून अशी वस्तू गेली पाहिजे की अख्ख्या शाळेत कोणाला ओळखू येऊ नये. इथेच माझी मती फिरली. विभावरी भाजीला गेली होती, मी माळ्यावर चढलो, आणि समोर पुरणयंत्र! वर्षातून एकदा लागतं म्हणजे जवळजवळ बिनवापराचंच, असा मी हिशेब केला. (विभावरीच्या हिशेबानं मीसुद्धा त्याच वर्गात मोडतो.) आठवड्यात बाहेर निघेल, घासूनपुसून परत ठेवू, कोणाच्या बापाला कळणार नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि मैदानात नेऊन गाडलं. सासूबाईंची भांडी वाटताना या यंत्रावरून दोघी बहिणींमध्ये काय रामायण झालं ते तुम्ही जवळून पाहिलं आहे. यंत्र थोरलीला, पण दर होळीला त्या यंत्रातल्या पुरणाच्या पोळ्या धाकटीला नागपूरला पोचल्या पाहिजेत, या तहावर ते मिटलं. हे सगळं मला खड्डा बुजवून झाल्यावर आठवलं.

ब तुकडीनं खणलं. कंदील निघाला, कोणी ढुंकून पाहिलं नाही. पुरणयंत्र निघालं आणि मैदानात कल्ला झाला. एक पोरगा म्हणाला, नर्मदेच्या वाळूतून सोनं चाळायचं भांडं. एक मुलगी म्हणाली, कोंबडीच्या पिल्लांचा पिंजरा. शेवटी पुढचे दोन्ही दात पडलेल्या एका चिमुरड्यानं ते उलटं करून सरळ डोक्यावर घातलं आणि ओरडला, "अरे, ये तो हेलमेट है!" झालं. इतिहासाची दिशा ठरली. भोकं हवा यायला, पाय म्हणजे शिंगं, आणि दांडा कशाला? तर आत पंखा होता, तो फिरवायला. इथल्या मदन महाल किल्ल्याच्या टेकडीवर उन्हात पहारा देणाऱ्या गोंड शिपायाचं हे थंडगार शिरस्त्राण आहे, असं ब तुकडीनं एकमतानं जाहीर केलं. ज्योती दीदींनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

मग शिपाई तयार झाला. फ्रिजच्या खोक्याचं धड, पुठ्ठ्याचे हात, खेळण्यातल्या गाडीची चाकं, आणि डोक्यावर सासूबाईंची आठवण. दांडा फिरेना म्हणून पोरांनी त्याला तेल पाजलं आणि मोटर जोडली. पहिल्या तालमीत दांडा जागेवर राहिला आणि शिपाईच गरागरा फिरला. त्याच्या पुठ्ठ्याच्या भाल्यानं हेडमास्तरांचा चष्मा उडवला. तिथे मात्र माझ्यातला फोरमन गप्प बसेना. मी म्हणालो, गिअर उलटा लागला आहे, आणि स्वतःच्या हातानं सरळ लावून दिला. म्हणजे माझ्या संसाराच्या अंत्ययात्रेला मीच खांदा दिला असं समजा.

प्रदर्शनाला इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक पाहुणे होते. त्यांनी भिंग काढून शिरस्त्राण न्याहाळलं आणि एका भोकातून वाळलेली हरभऱ्याची डाळ टोकरून काढली. पण ब तुकडी तयार होती! तोच दात पडलेला सरदार पुढे होऊन म्हणाला, सर, सैनिक अपना टिफिन हेलमेट में रखते थे. प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं बक्षीस. होळीनंतर शिपाई भोपाळच्या राज्यस्तरीय प्रदर्शनाला जाणार आहे, तोवर तो शाळेच्या काचेच्या कपाटात कुलूपबंद आहे.

मी परत मागायला गेलो नाही असं समजू नका. दोनदा गेलो. पहिल्यांदा हेडमास्तरांनी चहा पाजला आणि "आप जैसे दादाजी हर स्कूल को मिलें" म्हणून हात जोडले. दुसऱ्यांदा कपाटापाशी तो सरदार उभा होता. मला पाहून त्यानं कडक सलाम ठोकला आणि सांगितलं, की तो आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी पहिला आलाय. सांगा रत्नाकरराव, त्याला काय सांगू? बाळा, तू पुरण गाळायच्या भांड्यावर पहिला आलास? माझ्यानं नाही झालं. रेवा येताना रस्त्यात म्हणाली, "आबा, तुम्ही काहून इतके घाबरून राहिले? आजीला सांगून द्या ना, चलो." या वयात सगळं सोपं असतं.

तुम्हाला सांगतो, मला खरंच वाईट वाटतं आहे. आईची म्हणून विभावरीकडे ती एकच वस्तू आहे. रागावली तर निभावून नेईन, त्याचा सराव आहे. ती रडली तर मी काय करू?

बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
नीलकंठ

ता. क. एक छोटंसं काम होतं. होळीपर्यंत तुम्हाला मधुमेह झाला पाहिजे. फार नको, बेताचा चालेल, भोपाळचं प्रदर्शन संपेपर्यंत टिकला की बास. "डॉक्टरांनी पुरणपोळी घरात आणायलासुद्धा बंदी केली आहे, ताईला म्हणावं यंदा करूच नको," एवढं शैलजाकडून विभावरीला फोनवर येऊ द्या. यंत्र माळ्यावरून काढायची वेळच येणार नाही. एवढ्या वर्षांत साडू म्हणून मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही.

ता. क. २. गुडघ्याचं तेल मोहरीचं घ्या.

रत्नाकरराव, नमस्कार. मी विभावरी. पाकीट पोस्टात टाकायला रेवाकडे दिलं होतं, तिनं ते माझ्या हातात दिलं. मधुमेह अजिबात करून घेऊ नका, पोळ्या येतील. पत्र वाचून शाळेत जाऊन शिपायाला पाहून आले, हे मित्रांकडे गेले होते तेव्हा. यंत्राचा दांडा चार वर्षांपूर्वीच जाम झाला होता, तेव्हापासून तुम्ही खाता ते पुरण मिक्सरमधलं आहे. शैलजा दर वर्षी फोन करून म्हणते, आईच्या यंत्राचा मऊपणा तो मऊपणाच, आणि मी हो म्हणते. तिला हे कळू देऊ नका. हेडमास्तरांनी कपाट उघडून मोटर लावून दाखवली, दांडा गरगर फिरताना पाहिला आणि आधी खूप रडले, मग खूप हसले. आईचा हात फिरतो आहे असंच वाटलं. हेडमास्तरांशी बोलून ठेवलं आहे: होळीच्या सकाळी ज्योती दीदी आणि ब तुकडी शिपायाला मोटरसकट आमच्या स्वयंपाकघरात आणणार आहेत. यंत्र चिंचेनं घासून घेईन, डाळ मी शिजवीन, पुरण शिपाई गाळेल. मुलांना मी सांगितलं, तुमच्या शिपायाचा टिफिन कसा भरायचे ते बघू या. यांना एक अक्षर सांगू नका. हल्ली न सांगता भांडी घासतात, होळीपर्यंत घासू देत.